कूलरमधलं अत्तर
कूलरच्या टाकीत परफ्यूम ओतणारी बाई अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन. आज नातीने मनगटावर काहीतरी फवारलं, आधी लिची आणि मागून गुलाब असा तोच वास आला, आणि माझं ते शहाणपण आठवलं. नवी नवी सून होते. भर मे महिन्यात नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा तिला आधीच आवडलेला, त्यामुळे घर दरवळलं पाहिजे म्हणून माझ्या भावाने दुबईहून आणलेली बाटली मी कूलरच्या पाण्यात रिकामी केली. मनगटावर थेंबभर लावला की हा वास हळूच बोलायचा. पाहुणे येऊन बसल्यावर कूलर लावला, तर त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून मात्र तो अंगावर धावून आला. पाहुण्यांसकट सगळ्यांनाच तो अंगाला लावून घ्यावा लागला. सासरे म्हणाले, "कुठी सरबत सांडलं काय वं?" सासूबाई पुटपुटल्या, "मले त आमरसात मोगरा पडल्यासारखा वाटते." मुलगा तर शिंकतच सुटला. नणंदेचे डोळे भरले आणि मला वाटलं, मोडलं हे लग्न माझ्यापायी. शेवटी कूलर बंद करून सगळे अंगणात निंबाखाली जाऊन बसले, आणि तिथे घाम पुसता पुसता ती दोघं एकमेकांकडे पाहून हसायला लागली. निघताना मुलाची आई माझ्याजवळ थांबली, स्वतःचा पदर एकदा हुंगला आणि म्हणाली, "तुही नणंद आमाले पसंत हाये वं पोरी, पण तो कूलर तेवढा आंदणात पाठवू नको."