माझं यकृत लहान निघालं

"ताई, तुमचं यकृत लहान आहे. तुम्हाला दाता होता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. धुळ्याच्या त्या तपासणी खोलीत घरच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आयत्या वेळी शब्द फिरवला होता.

आजार माझा नव्हता, माझ्या नवऱ्याचा, सुरेशचा होता. त्यांचा मधुमेह जुना. त्यात यकृतावर चरबी चढत गेली आणि आम्हाला कळेपर्यंत लिव्हर सिऱ्होसिस झाला, म्हणजे यकृत निबर होऊन कामातून जाणं. दारूचा थेंब न घेणारा माणूस. पोटात पाणी भरायचं, काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवणं, एवढाच मार्ग उरला.

साक्रीजवळच्या गावाहून सासूबाई आल्या, धाकटा दीर राजेंद्र आला. चहा संपायच्या आत ठरलं, वहिनी देईल. रक्तगट राजेंद्रचाही जुळत होता. तो दणकट, मी काटकुळी. तरी त्याचं नावसुद्धा निघालं नाही. मी हो म्हणाले, अगदी मनापासून, मला यांना वाचवायचं होतं. पण माझ्या तोंडून हो निघायच्या आधीच सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. तो राग अजून आहे.

माझा एमआरआय झाला. त्या मशीनच्या बोगद्यात ठोकाठोकी चालू असते आणि मधेच हुकूम येतो, श्वास रोखा. त्यातून फॅट फ्रॅक्शन, म्हणजे यकृतात चरबी किती, ते कळतं. माझ्यात ती नव्हतीच जवळजवळ. मग व्हॉल्यूम, म्हणजे यकृताचं आकारमान मोजतात. तिथे अडलं. यांच्या थोराड अंगाला पुरेल एवढा तुकडा काढला, तर माझ्याकडे मला जगवण्याइतकं उरत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. "बायकांची अंगकाठी लहान, म्हणून यकृतही सरासरीनं पुरुषांपेक्षा लहान भरतं. चरबी मात्र पुरुषांत बहुधा जास्त सापडते. प्रत्येकाचं तसंच असेल असं नाही, म्हणून तर मोजायचं. यात ताईंचा काही दोष नाही."

बाहेर बाकावर सासूबाई म्हणाल्या, "तुनं काळीज इतलंसंच निंघनं का वं?" माझं काळीजच एवढंसं निघालं, असा टोमणा.

इतकी वर्षं मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आई, माझं यकृत माझ्यापुरतं नीट आहे. तुमच्या दुसऱ्या मुलाचं मोजलंय का कुणी?"

राजेंद्र खाली बघत म्हणाला, "वहिनी, मना मांगे लेकरं शेतस." त्याच्या मागे लेकरं आहेत, म्हणून तो नको.

"आणि माझ्या मागे काय आहे, भाऊजी? माझी मुलगी बारावीला आहे. मी ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होते, तेव्हा ती कुणाला आठवली?"

वॉर्डात यांच्या कानावर गेलंच. बोलायला त्राण नव्हतं, तरी म्हणाले, "राजू, भीती वाटत असेल तर सरळ नाही म्हण, मी रागावणार नाही. पण हिला बोल लावू नका."

दोन दिवसांनी राजेंद्र आपणहून तपासणीला आला. त्याचं यकृत मोठं भरलं, पण चरबीनं भरलेलं. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, मग पुन्हा मोजू." त्याच्या बायकोनं तळण बंद केलं. तो पहाटे शेतशिवारातून चालायचा. मी रोज फोन करून विचारायचे, गोड न बोलता. मधल्या काळात यांना शुद्ध हरपून दोनदा भरती करावं लागलं. तेव्हा मला त्या पहिल्या चहाची आठवण यायची. तेव्हाच दोघांचं मोजलं असतं, तर हे महिने वाया गेले नसते.

चरबी उतरली. ऑपरेशन झालं. दोघे भाऊ आता ठीक आहेत.

गावात राजेंद्रचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे. मीही टाळ्या वाजवल्या. त्याचं पोट चिरलं गेलंय, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण शेजारची काकू कानाशी येऊन म्हणाली, "तू का नाही दिलं गं? बायकोनं द्यायला हवं होतं."

मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "मी दिलं असतं तर मला शाल आणली असती का, काकू?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं.

तुमच्या घरावर ही वेळ आली, तर पहिल्याच दिवशी रक्तगट जुळणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. दात्याशी डॉक्टर एकांतात बोलतात, तेव्हा मनातलं खरं सांगा. आणि बाई, तू द्यायला तयार असशील तर जरूर दे. पण आधी तुला कुणीतरी विचारू दे.