होयच्या आधीची जागा

कोर्टातल्या त्या टायपिस्टला सगळे मशीन म्हणत आणि हे नाव ती दागिन्यासारखं मिरवायची. न्यायाधीश साहेबांचं वाक्य संपता संपता तिचा पूर्णविराम पडलेला असे. साक्षीदार रडो, वकील ओरडो, तिची बोटं एकाच वजनानं चालत.

चाळिशीत तिनं पियानो शिकायला घेतला, तेव्हा दिवसभर कोर्टात बडवून हौस भागत नाही का, असं नणंदेनं विचारलं होतं. तिथे लोकांचं बडवते, इथे स्वतःचं, असं सांगून ती चपला घालून निघालीसुद्धा. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत पियानोच्या बाई शिकवत. मशीननं एकामागून एक परीक्षा अशा पार केल्या की बाईही चकित झाल्या.

बाईंच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटची संथ रचना त्या स्वतः वाजवत. यंदा त्यांचा उजवा हात साथ देईना, म्हणून ती एका शिष्येला मिळणार होती. मशीनला ती हवी होती. इतकी, की भाजी चिरतानाही तिची बोटं विळीवर तीच सुरावट वाजवत.

तिनं ती बाईंना वाजवून दाखवली. मध्येच एक सूर घसरला. तिनं मागे जाऊन तो नीट केला आणि पुढे गेली.

"तुझं वाजवणं वाचता येतं गं," बाई म्हणाल्या, "ऐकता येत नाही."

कॉलेजातल्या एका मुलीचं नावही त्यांनी घेतलं. तिची बोटं अडखळतात, पण ऐकणारा मान वळवून बघतो, म्हणाल्या. शनिवारी दोघींचं ऐकून ठरवू.

मशीनच्या अंगाचा तिळपापड झाला. अडखळणारीला बक्षीस आणि चोख वाजवणारीला बोलणी? घरी तिनं आणखी जोरात, आणखी चोख सराव सुरू केला. नणंद कानात कापूस घालून आली आणि म्हणाली, "वहिनी, घरात नोटिसा छापता का, असं शेजारचे विचारतायत."

गुरुवारी कोर्टात एका दुकानाला लागलेल्या आगीचा खटला होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक वयस्क बाई उभी होती आणि आरोपी तिचा सख्खा भाऊ होता. आग लागली तेव्हा भाऊ तिथे होता का, असं वकिलांनी विचारलं. बाईनं भावाकडे पाहिलं. कठड्यावरून तळवा फिरवला, जणू तिथली धूळ पुसत होती. पदर सारखा केला. मग म्हणाली, होय.

मशीननं टाइप केलं: होय.

जबानी संपल्यावर नेहमीप्रमाणे तिनंच ती वाचून दाखवली, सपाट आवाजात, न थांबता. बाई गोंधळली.

"शब्द माझाच आहे," ती म्हणाली, "पण असं नव्हते म्हणाले मी."

कोर्टात हशा पिकला. शब्द तोच आहे ना, मग सही करा, असं साहेबांनी सांगितलं. बाईनं सही केली. मशीन मात्र हसली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा चोख कागद तिला अर्धवट वाटला.

संध्याकाळी तिनं ती रचना पुन्हा समोर घेतली. मधल्या विरामानंतर एक एकटा सूर होता. विराम ती नेहमी बरोबर मोजायची आणि सूर वेळेवर वाजवायची. आज तिनं मोजलं नाही. हा सूर यायला का कचरतोय, एवढंच स्वतःला विचारलं आणि तो आल्याशिवाय राहवेना तेव्हा हळूच पट्टी दाबली. कापूस काढून नणंद दाराशी येऊन उभी राहिली.

शनिवारी कॉलेजातली मुलगी आधी वाजवून गेली. छान वाजवलं तिनं. मग मशीन बसली. त्या एकट्या सुरापाशी ती थांबली, तशा बाईही श्वास रोखून थांबल्या. पुढे एक बोट चक्क शेजारच्या पट्टीवर गेलं. तिला ते कळलं, टोचलं, पण सुरावट तिला ओढत पुढे नेत होती आणि मागे वळायला सवड नव्हती.

वाजवून झाल्यावर ती निकालासाठी थांबली नाही.

"बाई, शेवटची रचना मी वाजवते."

बाईंनी रुमालानं चष्मा पुसला. "बरं. पानं उलटायला कोण हवंय?"

"कुणी नको," ती म्हणाली. "पाठ आहे."