मावशींचा साहेब

निवृत्तीनंतर मी भाषांतरं घेऊ लागले. हौस वगैरे नव्हती, घरात कुणी नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा परदेशात, आणि पुनावळ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर हायवेचा आवाज. त्या वर्षी प्रकाशकाने एका इंग्रज साहेबाच्या आठवणी गळ्यात मारल्या. दक्षिण आफ्रिकेच्या माळावर बैलगाडीने गेलेला, कुडाच्या झोपडीत राहून हळूहळू मैलोगणती जमिनीचा मालक झालेला माणूस. पहिल्या पानापासून तो माझ्या डोक्यात गेला.

मला लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची खोड आहे, आणि भिंतींना वाचून दाखवायला नको वाटतं. सोसायटीच्या मागे जुन्या गावातली थोडी घरं उरली आहेत. तिथल्या एक मावशी रोज दुपारी निवडायची भाजी घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या.

मावशींना साहेब आवडला. याचा मला रागच यायचा. प्रकरणभर तो तापाने फणफणला, तर दुसऱ्या दिवशी दारात चप्पल काढतानाच विचारलं, "बरं वाटलं का त्याला?" त्याचे बैल तिकडची रोगाची माशी चावून मेले तेव्हा डोळ्याला पदर लावला.

"एकला जीव. भाकरी तरी कोन घालत आसंल?"

"नोकर होते की ढीगभर," मी म्हणाले.

"नोकर म्हंजी घरचं मानूस व्हय?"

मी टीव्हीसमोर एकटी वरणभात खाते, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यासाठी कधी पदर लावला नाही. कधीच मरून गेलेल्या माणसाचा मी हेवा करत होते, आणि तरी जेवण झाल्यापासून माझे कान दाराकडे असायचे. ती दुपार सोडली तर माझ्या दिवसात दुसरं काही नव्हतं.

मग ते प्रकरण आलं. साहेब म्हातारा झालाय, व्हरांड्यात बसून पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगतोय. ते पान मला फार सहज जमलं होतं, म्हणून मी जरा रंगवूनच वाचलं. "आम्ही आलो तेव्हा इथे काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं माळरान. सगळं आम्ही उभं केलं."

मावशी हसल्या. "बाई, ह्ये तर तुमचंच बोलनं."

खरंच होतं. सोसायटीत सगळ्यांत आधी राहायला आलेले आम्ही, नव्या भाडेकरूंना हेच ऐकवतो. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, टँकरवर दिवस काढले.

"काही नव्हतं कसं?" त्या मेथी निवडत म्हणाल्या. "आमी व्हतो की. तुमच्या लिफ्टपाशी हीर व्हती आमची. सासऱ्यांनी खांदलेली."

त्या रागावल्या नव्हत्या. चिडले मी. "मावशी, हे साहेबाचं पुस्तक आहे, माझं नाही," असं तोडून बोलले. त्यांनी देठं गोळा केली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. येतील झक मारत, असं मनाशी म्हणत मी एकटीच वाचत बसले. प्रकाशकाचा तगादा नको म्हणून फोनही गप्प करून ठेवला होता. आपलाच आवाज ऐकून शेवटी कंटाळा आला, रडूही आलं, आणि मी त्यांच्या घरी गेले.

"का येत नाही, मावशी?"

"आल्ते की. दोन येळा." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गेटवाल्यानं इचारलं, कुनाकडं? म्या म्हनलं, बाईंकडं. त्यानं मोबाइलवर बघितलं आन् म्हनला, बाईंची परवानगी न्हाई."

गेटवरून माझ्या फोनवर विचारणा येते, मी हो म्हटलं की माणसाला आत सोडतात. रोज मी पटकन हो म्हणायचे. फोनचा आवाज बंद होता, माझ्या लक्षात आलं नाही, असं मी परत परत सांगितलं.

"आसंल," मावशी म्हणाल्या. पदराने खुर्ची पुसली, आणि पाहुण्यांना म्हणतात तसं मला बसा म्हणाल्या.