साहेबराव नाना आणि अलाऊचं बटण

साहेबराव नानांच्या कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर कुणी ना कुणी डोकं वर काढत असे. एकजण सांगे, अभिनंदन, तुम्ही मोटारगाडी जिंकलात. दुसरा सांगे, तुमच्या कॉम्प्युटरला मोठा धोका आहे. तोकड्या कपड्यांतली एक बाई 'मी तुमच्याच शहरात आहे' एवढंच सांगून हसे आणि लगेच तिच्या डोक्यावर कुठल्याशा बाबांचा आजचा सुविचार येऊन बसे. नाना खुर्चीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून हे सगळं मनापासून वाचत. वाचून झाल्याशिवाय एकालाही बंद करत नसत. बोलणाऱ्याला मध्येच तोडणं त्यांना बरं वाटत नसे.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि तेव्हा नानांच्या समोरच्याच घरात राहत होते. हे दोन गुन्हे एकाच बाईच्या नावावर जमा झाले की गल्लीतल्या प्रत्येक आजारी यंत्राची तीच दाई होते. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमची गल्ली. शाळेतून येऊन मी पायातल्या चपला काढते न काढते तोच समोरून हाक यायची, "मॅडम, जरा बगता का? आत लई दाटी झालीय."

कॉम्प्युटर त्यांच्या पुण्याच्या मुलानं पाठवलेला, आजीआजोबांना नातवाचं तोंड दिसावं म्हणून. नातू राहिला बाजूला, त्यात नको ती मंडळी येऊन राहिली होती. पहिल्यांदा उघडून बघितला तेव्हा मी कपाळावर हात मारला. वेग वाढवून देणारं एक सॉफ्टवेअर, खरेदीत सूट मिळवून देणारं एक, फुकट पंचांग दाखवणारं एक आणि त्या पंचांगाच्या मागून न बोलावता आलेली त्याची सगळी भावकी. ब्राउझर उघडला की मुखपृष्ठच परक्याचं. मी एकेक हुडकून काढून टाकलं, जोडलेली एक्स्टेंशनं उपटली, सूचना पाठवणाऱ्यांची भली मोठी यादी रिकामी केली. नाना बाजूला उभे राहून हळहळत होते. "ते पंचांगवालं ऱ्हाऊ द्या की. गरीब हाय ते," म्हणाले.

आठवडा गेला नसेल, पुन्हा दाटी. या खेपेला मी ठरवलं, स्वच्छता नंतर, आधी हे करतात काय ते बघायचं. नानांनी हवामानाचं एक पान उघडलं. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती आणि अख्खं शहर आभाळाकडं डोळे लावून बसलं होतं, त्यामुळं नाना रोज सकाळी आधी पाऊस बघत. पान उघडलं तशी वर एक चौकट आली, तुम्हाला सूचना पाठवू का? खाली दोन बटणं. एक अलाऊ, एक ब्लॉक. नानांनी क्षणाचाही विचार न करता अलाऊ दाबलं. चौकट जाताना 'बरं बाबा, ये' असंही म्हणाले.

"नाना, का दाबलंत ते?"

"त्यानं इचारलं."

"अहो, विचारायला काय, कुणीही विचारेल."

"तसं नाय मॅडम. बळंच घुसला असता तर दांडक्यानं हाकलला असता. ह्यो दारात थांबून इजाजत मागतोय. इजाजत मागनाऱ्याला नाय म्हनायची आमच्यात रीत नाय."

मी हसून हसून बेजार झाले. दुसऱ्या दिवशी शाळेत स्टाफरूममध्ये हा किस्सा साभिनय सांगितला, तिथंही सगळे पोट धरून हसले. 'इजाजत' हा शब्द आमच्याकडं पुढं कितीतरी दिवस चालला. कुणी खडू मागितला तरी लोक इजाजत मागायचे.

ही रीत कुठून आली ते मला कडूबाई मावशींनी सांगितलं. कडूबाई म्हणजे नानांची बायको. नाना जितके अघळपघळ, तितकी ही बाई तोडून बोलणारी. नानांचं घर मेंढरांचं. वडिलांच्या मागं लहानपणापासून वर्षातले आठ महिने रानोमाळ. दर मुक्कामाला दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून विचारायचं, पाटील, रानात मेंढरं बसवू का? मेंढरं रात्रभर बसली की शेताला खत होतं, म्हणून बहुतेक जण हो म्हणत. पण एका उन्हाळ्यात एका विहिरीवर बापानं पाणी पाजू का म्हणून विचारलं आणि मालकानं नाही म्हटलं. पुढच्या विहिरीपर्यंत जाईतो मेंढरं वाटेतच बसत गेली आणि पुन्हा उठली नाहीत. "तवापासून ह्यांनी कुनाला नाय म्हनलं नाय," मावशी म्हणाल्या. मग भाकरीचं पीठ मळता मळता पुढं म्हणाल्या, "मला सोडून. मला रोज म्हनत्यात."

नानांच्या हो म्हणण्यावर आमची गल्ली उभी आहे, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. ही सगळी जमीन त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून घेतलेली. शहर वाढत वाढत दारात आलं, नानांनी प्लॉट पाडून विकले आणि घरापुरती जागा ठेवली. मग एकेक सुशिक्षित माणूस फाटकाशी येऊन विचारू लागला. नाना, ओटा जरा पुढं घेऊ का? नाना, गाडी लावायला शेड टाकू का? नाना प्रत्येकाला "घे की" म्हणाले. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पायऱ्यांचे पाय नानांच्या अंगणात आहेत आणि त्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळी नानांच्या भोळेपणाची टिंगल चालते. मीही बसत होते.

तो पावसाळा कोरडाच गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात मात्र टिंगल करायला कुणाच्या तोंडात थुंकी उरली नाही. नळाचं पाणी आठवड्यावर गेलं, मग त्याचाही भरवसा उरला नाही. गल्लीतले बोर एकामागून एक आटले. नानांचा बोर नाल्याच्या अंगाला, तेवढा टिकला. झालं, सकाळपासून त्यांच्या फाटकाशी हंड्यांची रांग. नाना, भरू का? भर की. नाना, कूलरपुरतं घेऊ का? घे की. निवृत्त इंजिनिअर घुगे साहेब तर चारचाकी धुवायला पाइप लावून घेत आणि वर आम्हाला सांगत की भूजल ही समाजाची संपत्ती आहे.

मग बबन आला. बबन म्हणजे टँकरवाला. पांढरी टोपी, तोंडात साखर. फाटकाबाहेर उभा राहून त्यानं हात जोडले आणि अगदी अदबीनं विचारलं, "नाना, तुमच्या बोरवर आपली एक खेप भरू का? लोकं तहानलेत." मी माझ्या ओट्यावरून बघत होते. मला त्याच्या जागी ती चौकट दिसली आणि खाली दोन बटणंही दिसली. नाना काय दाबणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एक खेप म्हणून आलेला बबन रोज येऊ लागला. मग त्याचा मेव्हणा आला, त्यानंही विचारलं. मग मेव्हण्याचा दोस्त. कॉम्प्युटरमध्ये जे झालं तेच हुबेहूब दारात झालं. आलेला कुणी जाईना आणि प्रत्येकजण आपल्या मागं एकाला घेऊन येई. पाणी कुठं जात होतं म्हणता? नव्या टाउनशिपच्या बांधकामांवर आणि लग्नाच्या हॉलांवर. महिन्याभरात बोर खोकायला लागला. पाण्यात गाळ आला, मोटर मध्येच हवा ओढू लागली आणि आम्हाला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण हा बोर गेला तर अख्ख्या गल्लीला प्यायचं पाणी नव्हतं. वाळूजच्या कंपनीत पाळी करून आलेली माणसं अंघोळ सोडाच, तोंड धुवायला पाणी मागत होती.

घुगे साहेबांच्या पुढारपणाखाली एक शिष्टमंडळ नानांकडं गेलं. फुकट पाणी पिणारे लोक, पाणी फुकट का वाटता म्हणून जाब विचारायला गेले होते. नानांनी सगळ्यांना चहा पाजला.

"नाना, त्या बबनला नाही म्हणा," घुगे साहेब म्हणाले.

"त्यानं इचारलंय वो साहेब."

"तो चोर आहे."

"चोर इचारत नस्तो," नाना म्हणाले. यावर घुगे साहेब रागावले आणि चहा संपवून उठले.

मला त्या दिवशी नानांचा इतका संताप आला की मी त्यांना दंडाला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, आज तुम्ही नाही म्हणायला शिकल्याशिवाय मी उठत नाही. हवामानाचं पान उघडलं. त्या पानानं एव्हाना नानांना इतक्या वेळा 'तुमच्या भागात जोरदार पाऊस' असं कळवलं होतं की खोटेपणाबद्दल त्याला आत टाकायला हवं होतं. परवानगी दिलेल्यांची यादी मी आधीच पुसली होती, त्यामुळं चौकट पुन्हा आली. "दाबा ब्लॉक," मी म्हटलं. नानांचं बोट अलाऊकडं सरकलं की मी त्यावर चापट मारत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून ब्लॉक दाबलं आणि पडद्याला हात जोडले. "राग मानू नको बाबा. दुसरीकडं बग."

दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. तिसऱ्याला त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच बघवेना. म्हटलं, थांबा. सेटिंगमध्ये जाऊन मी शेवटचा उपाय केला. कुठल्याही पानानं सूचनांसाठी परवानगी विचारायचीच नाही, अशी सोय असते, ती लावून टाकली.

"म्हंजे आता त्याला इचारताबी येनार नाय?" नानांनी विचारलं.

"नाही."

"आन मला नाय म्हनावं लागनार नाय?"

"कुणी विचारणारच नाही, तर म्हणाल कुणाला?"

नानांनी चष्मा वर ढकलला. मग म्हणाले, "हे लई ब्येस हाय मॅडम. हे आधी का नाय सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनचा टँकर आला तेव्हा फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. आत कडूबाई मावशी पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. बबननं हात जोडून विचारलं, "मावशी, नाना कुठं?"

"गेले."

"कुठं?"

"फर्दापूरच्या अंगाला. चुलतभावाची मेंढरं हायती तिकडं. कवा येतील म्हाईत नाय. आन पान्याचं इचारशील तर नाय."

टँकर मागं घेताना त्यानं घुगे साहेबांची कुंडी फोडली. मला त्याचा फार आनंद झाला.

नानांनी ते सेटिंग स्वतःलाच लावून घेतलं होतं. मावशींना सांगून गेले होते, "मी हितं असलो की कुनीबी इचारनार आन मी व्हय म्हननार. कुनाला मला इचारताच येऊ नये, असं करतो." सत्तरीच्या पुढचा माणूस, एक नाही म्हणता येईना म्हणून घर सोडून उन्हातान्हात मेंढरांमागं गेला. मी हे ऐकून आधी हसले. मग घरात येऊन दार लावलं आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्यांचाच राग आला.

मावशींचा कारभार सरळ होता. घरटी दोन हंडे, तेही सकाळी. कूलर नाही, गाडी नाही, पाहुणा आला हे कारण नाही. आठवड्यात पाणी निवळलं, मोटर नीट चालू लागली. गल्ली वाचली आणि लगेच कुरकुरू लागली. बाई किती तुसडी, नानांच्या वेळी असं नव्हतं, नाना म्हणजे देवमाणूस. देवमाणूस घरी होता तेव्हा त्याला बावळट म्हणणारे हेच लोक.

नानांचा एकदा फोन आला.

"पानी हाय का मॅडम?"

"आहे नाना. चांगलं आहे."

"कुनी माझं इचारतं का?"

"सगळेच विचारतात. तुम्ही कधी..."

"हां, पुढं काय इचारू नका," म्हणाले आणि फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

वैशाखातल्या एका दुपारी मेंढरं लिंबाखाली बसवून ते तिथंच आडवे झाले आणि उठले नाहीत. पुण्याचा मुलगा फर्दापूरहून त्यांना घेऊन आला. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. घुगे साहेब सगळ्यात पुढं उभे राहून मोठ्यानं रडत होते. मावशी उशाशी बसून होत्या, डोळे कोरडे. पाणी त्यांनी स्वतः काढलं आणि नानांना अंघोळ घालायला दिलं. त्या दिवशी हंडे मोजले नाहीत.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. फाटकाबाहेर बबन उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली. फाटक सताड उघडं होतं, पण तो उंबरठ्याच्या अलीकडंच थांबला होता. त्याला बघून घुगे साहेबांचं रडणं बंद झालं आणि दोघं-तिघं पुढंही सरसावले.

"मावशी," बबन म्हणाला, "येऊ का आत?"

सगळी गल्ली कडूबाईंच्या तोंडाकडं बघू लागली. त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"ये," त्या म्हणाल्या. "आज घर त्यांचं हाय. उद्यापासनं माझं."

बबननं चपला बाहेर काढल्या आणि तो आत आला.