पेल्यावर हात ठेवणारे काका

चूक सांगायला आलेल्या माणसाला आधी चहा पाजायचा, असा नियम डेव्हिएशनकाकांनी आयर्लंडमधल्या आमच्या कारखान्यात स्वतःच्याच अधिकारात लागू केला होता. औषधांच्या कारखान्यात ठरलेल्या पद्धतीपेक्षा जरा काही वेगळं घडलं की त्याला डेव्हिएशन म्हणतात. तापमान थोडं चढलं, कुणी झाकण लावायला विसरलं, सगळं सांगावंच लागतं. आणि सांगायला माणसं घाबरतात. आयरिश काय, मराठी काय. काका क्वालिटी विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. कुणी पडलेल्या चेहऱ्याने दारात उभं राहिलं की ते किटली चालू करत आणि म्हणत, "सांगितलंस ना? अर्धं काम झालं. चहा घे." बोलणी खायला आलेला माणूस बिस्कीट खाऊन बाहेर पडे.

घरीही तेच. काकूंच्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: गोडा मसाला, नाशिक, कधी आणला, कधी फोडला. काकू म्हणायच्या, "माझ्यावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिलीय." त्यावर काका गंभीरपणे सांगत, "एक्स्पायरी सापडत नाही, म्हणून अडलंय." काकू लाटणं उगारत आणि आम्ही पोटभर हसत असू.

काकांना एकाच गोष्टीचा गर्व होता. आमच्या पोर्टलीश गावातल्या मराठी घरांनी शाळेचा हॉल घेऊन गणपती बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून पूजेला काका-काकू बसत. थंडीमुळे सोवळ्याच्या आत थर्मल असे, पण मंत्रात काटछाट नाही. "वर्षभर मी सगळ्यांना तपासतो. या दिवशी तो मला तपासतो," असं ते म्हणत, आणि पूजेआधी खरोखरच परीक्षेला निघाल्यासारखे दिसत.

केतकी माझी घरात सोबत राहणारी मैत्रीण, कारखान्यात इंजिनियर. एका रविवारी दुपारी तिने कुणीतरी दिलेलं गांजाचं चॉकलेट आपल्या खोलीत, दार लावून खाल्लं. बराच वेळ काही होईना, म्हणून उरलेलंही खाल्लं. मग जे व्हायचं ते झालं. छाती धडधडायला लागली, आपण मरतोय असं तिला वाटायला लागलं. तिने मला हाक मारली, पण अँब्युलन्सचं नाव काढलं की हात घट्ट धरून म्हणे, "नको गं, माझा व्हिसा जाईल." मी काकांना फोन केला. ते शेजारच्याच रस्त्यावर राहत. आले, एकदा तिच्याकडे बघितलं आणि सरळ गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे काकांनी डॉक्टरीणबाईंना केतकीने काय खाल्लं, किती, कधी, ते एका दमात सांगितलं. "ग्रँड," त्या इथल्या पद्धतीने 'छान' म्हणाल्या, "एवढंच हवं होतं मला." संध्याकाळपर्यंत केतकी टोस्ट मागत होती.

काका तिच्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. त्यांनी फक्त चॉकलेटचा कागद पाहायला मागितला. वर हसणाऱ्या अस्वलाचं चित्र, बाकी काही नाही. आत किती आहे, कुणी बनवलं, काही नाही. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "आपल्याकडे फरशी पुसायच्या पाण्यालाही लेबल असतं! आणि हे माणसाच्या पोटात जाणार!"

पुढे महिन्याभरात गावात एक जाहीर सभा झाली. प्रौढांना गांजा घ्यायला कायद्याने मान्य केलेली, देखरेखीची जागा असावी का, असा विषय होता. काका गेले. मीही गेले, काकूंना धीर द्यायला. काका उठले, आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी साधी सिगरेटही ओढत नाही. पण तरुणपणी नाशिकला महाशिवरात्रीला भांगेची थंडाई प्यायलोय. गल्लीतल्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, आणि वाढणारे माझे मामा. दुसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा मामांनी त्यावर हात ठेवला. बास म्हणाले. परवा आपल्या गावात एक शहाणीसुरती बाई बंद खोलीत एकटी होती. तिच्या पेल्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं. जागा असू द्या. पुडीत काय आहे ते तिच्यावर लिहिलेलं असू द्या. दाराशी शुद्धीतला एक माणूस बसवा, जो पोरासोरांना आत घेणार नाही आणि आत गेलेल्याला गाडी चालवू देणार नाही."

मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "तुम्ही जाल का हो तिथे?"

"जाईन की," काका म्हणाले, "इन्स्पेक्शनला."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. काकू माझ्या कानात कुजबुजल्या, "ह्यांना उदबत्तीच्या धुराने ठसका लागतो." पण त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

टाळ्या आयरिश लोकांच्या. आपल्या माणसांनी वेगळाच हिशेब मांडला. काका स्वतःच घेत असणार, नाहीतर एवढा पुळका कशाला? गणपतीच्या आधी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. "गैरसमज नको काका, पण लोक विचारतात. यंदा पूजेला दुसरं जोडपं बसलं तर?"  काका म्हणाले, "बसू दे. तूप मात्र पातळ करून आणा, मागच्या वेळी घट्ट होतं." ते गेल्यावर त्यांनी सोवळं कपाटातून काढलं, पुन्हा घडी घातली आणि परत ठेवलं, हे मला काकूंनी सांगितलं. मला सेक्रेटरींचा असा संताप आला की त्यांना जाब विचारायला मी फोनच उचलला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

ती बाई केतकी होती एवढं सांगितलं असतं तरी ते सुटले असते. पण केतकीच्या व्हिसाचं काम चालू होतं. "डेव्हिएशन ज्याचं त्याने सांगायचं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं सांगितलं की ती चुगली."

गणपतीच्या दिवशी पूजा दुसऱ्या जोडप्याने केली. काका मागे चहाच्या टेबलाशी कप मांडत उभे होते. आरती झाली, भारतातल्या घरच्यांना दिसावी म्हणून लावलेला फोन तसाच चालू होता, आणि केतकी माइकपाशी गेली. व्हिसाचं काम अजून झालेलं नव्हतं. "हॉस्पिटलात गेलेली ती मी होते," ती म्हणाली. "काकांनी या गोष्टीला कधी हातही लावलेला नाही. माझ्यासाठी ते सभेत उभे राहिले, आणि तुम्ही त्यांना पाटावरून उठवलंत." 

 सेक्रेटरी आपल्या मोज्यांकडे बघत राहिले. मग मागून काका आले, हातात कागदी कप.

"सांगितलंस ना? अर्धं काम झालं. चहा घे."

सेक्रेटरींनी काकांसाठी पाट मांडला, उत्तरपूजा तुम्हीच करा म्हणाले. केतकीने रडत-हसत विचारलं, "काका, तुम्ही नेहमी अर्धंच म्हणता. उरलेलं अर्धं कोणतं?"

"ती जागा कुठे झालीय अजून?" काका म्हणाले आणि पाटावर बसले.

गेल्या हिवाळ्यात काका निवृत्त होऊन नाशिकला परतले. केतकीचा व्हिसा झाला. जागा अजून झालेली नाही. कायदा होता तिथेच आहे. क्वालिटीत काकांच्या खुर्चीवर आता मी बसते आणि माझी किटली सदा गरम असते. गावात पुन्हा सभा लागली की केतकी जाते, उभी राहते आणि आधी स्वतःचं नाव सांगते.