विरजणाची गोष्ट कमलबाईंची आहे

विघ्नहर्त्या गजाननाचे स्मरण करून आणि वाणीची अधिष्ठात्री जी शारदा, तिच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो आहे. आमच्या मंदिराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत असून तीत ‘माझ्या स्मरणातील व्यक्ती’ या विषयावर मी चार पाने लिहावीत, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा आहे. मी माझ्या गुरूंविषयी लिहीन, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. परंतु ज्या व्यक्तीची माझ्या हातून हानी झाली, तिच्याविषयी आधी लिहिले पाहिजे, असे मनाने घेतले. त्या म्हणजे देवगाव रंगारीच्या कमलबाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या आणि नात्याने माझ्या विद्यार्थिनी.

शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली होती. आपल्या शहरातील एका महाविद्यालयाने सर्जनशील लेखन आणि साहित्य या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि काव्यशास्त्र शिकविण्यासाठी मला आठवड्यातून दोन दिवस बोलाविले. पहिल्या दिवशी वर्गाशी पोहोचतो तो दाराबाहेर चपलांचा एकच जोड, भिंतीला लावून नीट ठेवलेला. आत पंधरा-वीस तरुण मुलेमुली बूट घालून बसलेली आणि पहिल्या बाकावर, डोक्यावरचा पदर सावरीत, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई अनवाणी बसलेली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मावशी, इथे चपला चालतात हो. हे काय मंदिर आहे का?”

“तुला चालत असंल, बाई,” मागे न वळता त्या म्हणाल्या. “तुला आयतं भेटलं. मी तीस वर्सं वाट बगून आले.”

वर्ग हसला, ती मुलगीही हसली, आणि त्या दिवसापासून कमलबाई साऱ्या वर्गाच्या मावशी झाल्या.

दहावी होताच त्यांचे लग्न झाले होते. सासरी अद्रक आणि मका. मुले हाताशी आल्यावर त्यांनी घरी बसून बी. ए. केले आणि मग आठवड्यातून तीन दिवस एस. टी.ने शहरात येऊन एम. ए. करण्याचे ठरविले. यजमानांनी विचारले म्हणे, “आता एम. ए. करून कलेक्टर व्हती का?” त्यावर यांचे उत्तर, “कलेक्टर लई हायेत. गोष्ट सांगणारं कोण हाय?”

एकदा मीच त्यांना विचारले, की या वयात हा खटाटोप कशासाठी. त्या म्हणाल्या, “गुरुजी, नावापुढं एम. ए. लागलं काय अन् नाय लागलं काय. माझ्या गोष्टीखाली माझं नाव लागलं पायजे.” मग त्यांनी सांगितले, की निंदताना, मका सोलताना त्या बायकांना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगत. त्या बायका त्या गोष्टी माहेरी नेत, लेकीबाळींना सांगत. “मागं फुलंब्रीकडं एका लग्नाला गेले, तर तिथली एक बाई मलाच माझी गोष्ट सांगाया लागली. म्हणती, लई जुनी हाय, आमच्या आजीची. मी तिला काय म्हणू? जेवले अन् आले.”

त्यांची लिहिण्याची रीतही अशीच होती. इतर विद्यार्थी आधी लिहीत आणि मग वर्गात वाचीत. कमलबाई आधी सांगत. वर्गात सांगत, शेतात सांगत, एस. टी.मध्ये शेजारच्या बाईला सांगत, आणि पुष्कळ दिवसांनी वही काढीत. “धा वेळा सांगून जेवढी उरती तेवढीच लिहायची, गुरुजी. बाकीचा पाला असतो.” औचित्याचा विचार शिकविण्यासाठी मी तासन्‌तास खर्च करीत असे, त्यांनी तो एका वाक्यात संपविला.

आषाढातल्या एका सकाळी त्यांनी वर्गात विरजणाची गोष्ट सांगितली. एक सून माहेरून येताना आईच्या दह्याचे विरजण वाटीत घालून आणते. त्या दह्याची चव अशी, की आळीतली प्रत्येक बाई तिच्याकडून विरजण नेते. पुढे शेजारच्या म्हातारीशी बांधावरून तिचे भांडण होते आणि बोलणे कायमचे तुटते. काही वर्षांनी आई जाते. सुतकाच्या गडबडीत सुनेच्या घरचे दही नासते आणि तिच्या ध्यानात येते, की आईच्या हातचे म्हणून जगात जे काही उरले होते, ते गेले. ती दारोदार विचारीत फिरते. कोणी दही लावणे सोडलेले, कोणी डेअरीचे आणलेले. शेवटी एकच दार राहते. ती उंबऱ्याशी उभी राहते. तोंडातून शब्द निघत नाही. म्हातारी आत जाते, वाटी भरून आणते आणि म्हणते, “तुझ्या आईचं हाय. घे.”

एवढीच गोष्ट. मी त्या दिवशी पुढचे काही शिकवू शकलो नाही.

आता माझा अपराध सांगतो. चातुर्मासात आपल्या मंदिरात मी प्रवचन करतो. दानाचा महिमा चालला होता आणि दृष्टान्त म्हणून मी ती गोष्ट जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगितली. प्रवचनकाराची रीत सर्वांना ठाऊक आहे. ‘एका गावी एक सून होती’ असा आरंभ होतो आणि दृष्टान्त कोणाचा, हे कोणी विचारीत नाही, कोणी सांगतही नाही. माझ्या गुरूंनी असेच केले, त्यांच्या गुरूंनीही असेच. कथा ही नदीच्या पाण्यासारखी सर्वांची, असे मी जन्मभर मानीत आलो. वर मी शेवटी पदरचे थोडे निरूपणही जोडले, की दिलेले कधी सरत नाही, ते शेजाऱ्याच्या घरी आपल्यासाठी वाढत राहते. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मंदिरातील तरुण मंडळी प्रवचने ध्वनिमुद्रित करतात, ती लिहून काढून मंदिराच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने घालतात, हे मला ठाऊक होते. पण त्याकडे मी कधी वळून पाहिले नव्हते.

कमलबाईंनी ती गोष्ट माघात लिहिली. शेवटच्या सत्रासाठी चार कथांचा प्रबंध सादर करावयाचा होता आणि मी त्यांचा मार्गदर्शक होतो. हल्ली प्रत्येक प्रबंध संगणकाकडून तपासून घेतात. दुसऱ्याचे लेखन उचलले असेल तर तो दाखवून देतो. चार दिवसांनी विभागप्रमुख बाईंनी आम्हा दोघांना बोलाविले. त्या वयाने कमलबाईंहूनही लहान, स्वभावाने अतिशय आदबशीर. त्यांनी पडदा माझ्याकडे वळविला. विरजणाची अख्खी कथा लाल रंगाने भरली होती आणि बाजूला मूळ लेखक म्हणून माझे नाव होते.

“ही कथा यांची आहे,” मी म्हणालो. “मी यांच्या तोंडून ऐकली आणि प्रवचनात सांगितली. चूक माझी आहे.”

“गुरुजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” बाई म्हणाल्या. “पण समिती तारीख बघते. तुमचं प्रवचन आधीचं आहे. मावशी, त्याच्या आधीचा काही कच्चा खर्डा आहे का? एखादं पान?”

“सांगितली व्हती ना, मॅडम. वर्गात. समद्यांच्या पुढं.”

वर्गातील मुलांनी सह्यांचे पत्र दिले. ती पहिल्या दिवशीची मुलगी सर्वांत पुढे होती. समितीने पत्र वाचून परत केले. ऐकलेले पुरावा होत नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. ज्याची सारी विद्या गुरुमुखातून कानावाटे आली, त्याला हे वाक्य ऐकून घ्यावे लागले.

बाईंनी कळवळून एक मार्ग सुचविला. “गुरुजी, तुम्ही मूळ लेखक म्हणून परवानगीचं पत्र द्या. मावशी तळटीपेत तुमचं नाव घालतील. कथा राहील, पदवीही मिळेल.”

मी कमलबाईंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “नको, मॅडम. माझी लेक मी दत्तक घेऊ का? काढून टाका ती.”

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना म्हणालो, “बाई, माझ्याकडून फार मोठा प्रमाद झाला. मला कल्पना नव्हती.”

“मला व्हती, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या आधीच गावात मोबाइलवर आली व्हती. तुमचाच आवाज.”

“मग मला कामून नाही सांगितलंत?” ‘का’ऐवजी त्यांचाच ‘कामून’ माझ्या तोंडी आला.

“तुम्हाला काय सांगू? गुरू हायेत तुम्ही. बायांना म्हणलं, ही माझी हाय. तुम्ही तर निंदताना ऐकली माझ्याकडून. तर हसल्या. म्हणल्या, तूच गुरुजींची ऐकून आली अन् आम्हाला सांगितली. ज्यांनी माझ्याकडून ऐकली, त्याच म्हणल्या.”

त्यांनी पंधरा दिवसांत दुसरी कथा लिहून दिली. या वेळी कोणालाही न सांगता थेट वहीत उतरविली. ती निर्दोष होती आणि निर्जीव होती. हे मार्गदर्शक म्हणून मला दिसत होते आणि सांगण्याचा अधिकार मी गमावला होता. पदवी मिळाली. पेढे घेऊन घरी आल्या, देवापुढे ठेवले, मला वाकून नमस्कार केला. मी संकोचाने पाय मागे घेतले. “असं करू नका, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “शिकवलं तर तुम्हीच.”

त्यानंतर मी काय काय केले, ते सांगण्यासारखे नाही. पण लिहिले पाहिजे. चातुर्मास लागताच पहिल्याच प्रवचनाच्या आरंभी मी स्पष्ट सांगितले, की विरजणाची कथा माझी नाही, ती देवगावच्या कमलबाईंची आहे. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. प्रवचन संपल्यावर एक गृहस्थ माझे हात हातात घेऊन म्हणाले, “केवढा हा विनय, गुरुजी! आजकाल कर्तृत्व कोण असं दुसऱ्याच्या ओंजळीत घालतं?” मी पुन्हा पुन्हा सांगू लागलो, तसतसा माझा विनय वाढत गेला. मंदिराचे सचिव अनंतराव यांना संकेतस्थळावर दुरुस्ती करण्यास सांगितले, तर त्यांनी खाली ओळ घातली: ‘ही कथा गुरुजींनी आपल्या एका शिष्येला अर्पण केली आहे.’ मी रागावलो, तेव्हा त्यांनी ते पान काढून टाकले. तोवर ध्वनिमुद्रण घरोघर गेले होते. शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात भाजी घेताना एका मुलीने आपल्या आईला हलकेच सांगितले, “ते बघ, विरजणवाले गुरुजी.”

गेल्या पौषात मी एस. टी.ने देवगावला गेलो. कमलबाई रानात होत्या. अद्रकाची काढणी चालली होती; पाच-सहा बायका ओळीने बसून माती झाडीत होत्या. मला पाहून त्यांनी बांधावर पोते अंथरले, पाणी दिले आणि पुन्हा कामाला बसल्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मुलाचे लग्न ठरले होते. मी विचारले, “लेखन?”

“चालतंय थोडं थोडं.”

“आणि सांगणं?”

त्यांच्याऐवजी शेजारची बाई बोलली, “आता कुटं सांगती ती, महाराज! एम. ए. झाल्यापून तोंडाला कुलूप. आम्ही म्हणतो, शिकली अन् मुकी झाली.” सगळ्या हसल्या. कमलबाईही थोड्या हसल्या. मग तीच बाई पदर सावरून मला म्हणाली, “तुम्हीच सांगा की ती विरजणाची. मोबाइलवर ऐकली, पर समोरून नाय ऐकली.”

मी म्हणालो, “ती कमलबाईंची आहे. त्यांनीच सांगावी.”

बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. ते कौतुक मला आता ओळखू येते. कमलबाई अद्रकाचा गड्डा हातात घेऊन माती पाडीत राहिल्या. बऱ्याच वेळाने खाली मान घालूनच म्हणाल्या, “सांगा, गुरुजी. बाया वाट बगून राहिल्या.”

नकार देणे हा त्यांचा आणखी एक अपमान झाला असता. मी “कमलबाईंची गोष्ट सांगतो” असे म्हणून आरंभ केला. आईचे विरजण, बांधाचे भांडण, नासलेले दही, दारोदार फिरणे, सारे सांगितले. म्हातारी वाटी घेऊन बाहेर आली, “तुझ्या आईचं हाय. घे,” म्हणाली. आणि सवयीने मी पुढे बोलू लागलो, “म्हणून सज्जनहो, दिलेले कधी…”

“तिथं थांबायचं असतं, गुरुजी,” कमलबाई म्हणाल्या.

मी थांबलो. साठ वर्षांच्या अध्ययनात एवढा नेमका पाठ मला कोणी दिला नव्हता. बायकांनी डोळे पुसले, एकीने माझ्या पायाला हात लावला. कमलबाईंच्या पायाला कोणी हात लावला नाही. उन्हे कलली तेव्हा त्या मला फाट्यापर्यंत पोहोचवायला आल्या.

हा लेख माझ्या विनयाचे उदाहरण म्हणून कोणी वाचू नये, ही हात जोडून प्रार्थना. यात लिहिले आहे ते केवळ घडलेले आहे. वाचकहो, वाग्देवता तुमच्या घरी निरंतर वास करो. तुमच्या लेकीसुनांची वाणी सदैव मोकळी राहो, तुमच्या चुली पेटत्या आणि दुधातुपाची भांडी भरलेली असोत, आणि तुमच्या मुलाबाळांना दीर्घायुष्य, विद्या व आरोग्य लाभो. शुभं भवतु.