लाल म्हणजे भोक

मी मुळात शांत बाई नाही. पालमच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि तिथं येणारी माणसं आधी माझ्या आवाजाला भितात, मग मशीनच्या. पण कॉम्प्युटरनं माझ्या सासऱ्यांच्या हातचा 'एक' पहिल्यांदा बरोबर ओळखला, तेव्हा मी भरल्या दुकानात टाळ्या वाजवल्या. रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा दचकले आणि म्हणाले, "काय झालं बाई? कोन पास झालं?"

"सासरा पास झाला," मी म्हटलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचं वेल्डिंगचं शेड आहे. कोळपी, वखराची पाती, शेळ्यांच्या गोठ्याची फाटकं, काय म्हणाल ते तिथं होतं. आणि कुठलीही नवी वस्तू करायची, तर मामा आधी तिचा नक्शा काढणार. खाकी कागद, त्याच्या वरच्या कडेला मधोमध 'श्री', आणि मग वस्तू जेवढी तेवढंच चित्र. लहान काढून नंतर मोठं करणं त्यांना लबाडी वाटते. नक्शा झाला की सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हाक जायची. आत्याबाई स्वयंपाकाचा हात पदराला पुसत यायच्या, 'श्री'च्या खाली कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि "आता तरी जेवा" म्हणून परत जायच्या. हे इतक्या वर्षांचं चालत आलेलं, की त्यात बघण्यासारखं कुणाला काही वाटत नसे.

नक्शा वाचायचे नियम मामांनीच केलेले. निळ्या पेनाची रेघ म्हणजे पत्र्याची कड. पेन्सिलीची रेघ म्हणजे तिथं वाकवायचं. लाल म्हणजे भोक. इथपर्यंत मलाही कळायचं. घोडं अडायचं ते पुढं. वस्तू वरून कशी दिसते, बाजूनं कशी दिसते आणि आत काय आहे, ही तिन्ही चित्रं ते एकावर एक काढायचे. एकाच वाटीत वरण, भाजी आणि शिरा कालवल्यासारखं. आमच्या ह्यांचा वेल्डिंगमध्ये हात कुणी धरणार नाही, पण बापाचा नक्शा समोर ठेवला की ते बिडीच्या बंडलावर तेलुगूत छापलेलं वाचल्यासारखं तोंड करतात.

मामांना वाचता येत होतं म्हणून चाललं होतं. मग मामांचे डोळे जायला लागले.

काचबिंदू निघाला. बाजूचं दिसायचं बंद झालं होतं, समोरचं तेवढं नळीतून बघावं तसं दिसायचं. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायला थेंब घालत राहायचं, आणि किती टिकेल ते आज सांगता येणार नाही. परतीच्या एसटीत गंगाखेड मागं पडलं. मग मामा खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "ते टोकनीचं यंत्र एकदा चालताना बघायचंय मला. मंग गेले डोळे तर गेले."

ते यंत्र मला माहीत होतं. म्हणजे त्याचा नक्शा माहीत होता. शेडच्या भिंतीवर तो मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. आत्याबाईंनी उभं आयुष्य वाकून सरकी टोकली. एका हातानं माती उकरायची, दुसऱ्यानं बी टाकायचं, पायानं झाकायचं, आणि तसंच वाकून पुढं सरकायचं. त्यांची कंबर कायमची गेली. तेव्हा मामांनी उभ्यानं ढकलत टोकता येईल असं दोन चाकांचं यंत्र कागदावर काढलं. पण त्यातली बियांची चकती आणि बाजूच्या पाट्या इतक्या बारीक मापाच्या होत्या, की हातानं कापून जमेना. नांदेडला लेझरवर पत्रा कापणारं दुकान आहे, तिथं ह्यांनी तो नक्शा नेऊन दाखवला. त्या माणसानं कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. त्याला कॉम्प्युटरची फाईल पाहिजे होती.

मला राग आला की मी कामाला लागते, हा माझा एक गुण. फाईल पाहिजे काय, देते फाईल! शोधता शोधता एक प्रोग्राम सापडला. स्कॅन केलेल्या कागदावरचं हातचं लिखाण तो वाचतो, आणि हातानं काढलेल्या रेघा ओळखून त्यांचं मापाचं चित्र करतो, असं तिथं लिहिलं होतं. पहिला महिना फुकट. मी मामांचा नक्शा भिंतीवरून काढला, धूळ झटकली आणि दोन तुकड्यांत स्कॅन केला.

पहिल्या दिवशी प्रोग्रामनं जे काही ओळखलं, ते बघून मी लॅपटॉपला तोंडाला येईल ते बोलले. मामांचा मराठी एक त्याला इंग्रजी नऊ दिसला. त्यामुळं एक सूत जाडीची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची, पट्टी नऊ सूत झाली. असं यंत्र झालं असतं तर ढकलायला दोन बैल लागले असते. जुन्या चहाच्या कपाचा डाग त्यानं तिसरं चाक म्हणून धरला. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "तुजं मशीन तुज्या सासऱ्यासारकंच हाय. बघतंय येक, करतंय येक."

पण त्याला शिकवता येत होतं, आणि तीच तर मजा होती! त्यानं चुकीचं वाचलं की मी तो आकडा चौकोनात धरायचा आणि खरा काय ते लिहायचं. मामांच्या जुन्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, फाटकांचे नक्शे, सगळं मी त्याला खाऊ घातलं. मामांचा पाच शेपूट वर फेकतो, सात पोट पुढं काढून उभा राहतो, हे मलाही तेव्हाच कळलं. पी हळद अन् हो गोरी असा माझा स्वभाव. दर तासाला मी परत तपासायची, आणि दर वेळी त्याच्या चुका कमी व्हायच्या. मग तो पहिला एक आला. एकाचा एक! टाळ्या त्याच्याच.

मामा स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसायचे. नाक पडद्याला लागेल इतकं जवळ. एका दुपारी मी प्रोग्रामला रंगाप्रमाणे रेघा वेगळ्या करायला लावल्या. निळ्या एका थरात, पेन्सिलीच्या दुसऱ्या, लाल तिसऱ्या. पुढं त्यानंच कुठली रेघ कुठल्या चित्राची ते जुळवलं, आणि कांद्याचा पापुद्रा निघावा तशी तिन्ही चित्रं एकमेकांपासून सुटली. वरून दिसणारं इकडं, बाजूचं तिकडं, आतली चकती मधोमध, एकेका खाचेसकट. मी ह्यांना हाक मारली. हे शेडमधून हात न धुताच आले.

"आगं, चाक फिरवायचा दांडा असा हाय व्हय!" हे ओरडले आणि बापाकडं वळले. "दादा, हे आधी सांगायचं न्हाई का?"

मामांनी मान हळूहळू फिरवत, नळीतून थोडं थोडं करत, सगळा पडदा बघितला. "माझ्या डोक्यात असंच हाय बग," ते म्हणाले. "तुमाला दिसायलंय ना आता?"

आम्हाला दिसत होतं. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी गिऱ्हाइकावर एकदाही ओरडले नाही.

पाठवण्याआधी मी प्रोग्रामनं वाचलेली सगळी मापं मोठ्यानं वाचली आणि मामांनी डोळे मिटून एकेकाला "हां" म्हटलं. 'श्री' त्यानं अक्षर म्हणून वेगळं काढलं होतं, ते मी पुसलं. मग फाईल नांदेडला पाठवली. हे बसून मला सल्ले देत होते, अमुक नीट बघ, तमुक परत मोज. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

पाट्या आल्या त्या दिवशी आम्ही दुपारचं जेवण विसरलो. चकती बघून तर माझ्या अंगावर काटा आला. एकेका खाचेत सरकीचं एकेक बी जाऊन बसत होतं. ह्यांनी चाकं लावली, दांडा लावला आणि बाजूची पाटी हातात घेऊन थांबले.

"हे कशाचं भोक हाय?"

पाटीच्या वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर एक भोक होतं. त्याला ना बोल्ट, ना पिन, ना काही काम. त्याच चित्रावरून कापलेल्या दुसऱ्या पाटीलाही तसंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नांदेडला फोन लावला आणि त्या माणसाला बोलायची संधी न देता झोडपलं. आमचे मामा आंधळे व्हायला लागलेत, आणि तुम्ही आमच्या पत्र्याला वाटेल तिथं भोकं पाडताय?

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याच फाईलमधे हाय. लाल रंगात. तुमीच सांगितलं होतं, लाल म्हंजे भोक."

मी फाईल उघडली. होतं. वर मधोमध लाल गोल, कडा स्वच्छ. त्यावर माप लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी वाचताना ते यादीत आलंच नाही. मग मी मूळ नक्शा शोधून आणला आणि टेबलावर पसरला.

'श्री'च्या खाली, पाटीच्या निळ्या रेघेच्या आत, आत्याबाईंचं कुंकू होतं.

किती दिवस मी तो कागद पडद्यावर लहान-मोठा करून बघितला होता. मामांनी बघितला, ह्यांनी बघितला. कुंकू सगळ्यांना दिसलं आणि कुणालाच दिसलं नाही. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीकडं थांबून कोण बघतं? प्रोग्रामला मात्र आत्याबाईही माहीत नव्हत्या आणि कुंकूही. त्याला नियम माहीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा वळसा तर नांदेडपर्यंत गेला होता. मी त्या माणसाला परत फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, राहू द्या, आमच्या घरी पण असंच असतंय.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. काय झालं ते ऐकून आधी त्यांनी आम्हा तिघांकडं बघितलं, मग करंगळीशेजारचं बोट त्या भोकात घातलं. बरोबर बसलं. चित्र वस्तूएवढंच काढायचं हा मामांचा हट्ट, त्यामुळं बोटाचा ठसा जेवढा, तेवढंच भोक पडलं होतं. आत्याबाई हसायला लागल्या. बोट भोकातच ठेवून, कंबरेवर दुसरा हात देऊन हसत राहिल्या, आणि मग आम्हालाही थांबता येईना.

"बुजवून टाकतो," हे डोळे पुसत म्हणाले. "वेल्डिंगचा येक ठिपका मारला की झालं."

"हात लावू नको," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात, विहिरीचं पाणी देऊन पेरणीजोगा वाफसा आणलेल्या तुकड्यात यंत्र उतरवलं. पहिलं कोण ढकलणार हे विचारायची गरज नव्हती. आत्याबाईंनी पदर खोचला आणि मामांना चिडवलं, "माजी कंबर मोडली तवा यंत्र आलं तुमचं. म्हातारपनी बाशिंग!"

मामा बांधावर उभे होते. आत्याबाई निघाल्या, आणि चार पावलांत यंत्र मामांच्या नजरेतून सुटलं. ते मान वळवून शोधायचे, सापडेपर्यंत ते पुढं गेलेलं असायचं. मला बघवेना. मी काही बोलणार, तोच मामा चालायला लागले. चाचपडत, एका पायानं माती तपासत, ते तासाच्या, म्हणजे त्या पेरणीच्या ओळीच्या, दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"समोरून आन!" त्यांनी हाक मारली. "नीट माज्याकडं ये!"

आत्याबाईंनी यंत्र वळवलं. आता ते सरळ त्यांच्याकडं येत होतं, नजरेच्या नळीतून न सुटता. चकतीची टकटक ऐकू येत होती. मी मागून चालत माती उकरून बघत होते, आणि दर वितीवर बी होतं! मी ओरडायला लागले, "पडलं, मामा! हितं पण पडलं!"

मामांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. यंत्र त्यांच्या पुढ्यात येऊन थांबलं, तेव्हा त्यांचा चेहरा ओला झाला होता.

"वाकली न्हाईस," ते आत्याबाईंना म्हणाले. "आख्खं तास आलीस, येकदा बी वाकली न्हाईस."

मामांनी पाटी चाचपली आणि भोक सापडल्यावर त्यात बोट घातलं.

आता शेडमध्ये तसली यंत्रं होतात, आणि प्रत्येकाला ते भोक असतं. लोक विचारतात कशाचं, तर हे सांगतात पाण्याची बाटली अडकवायला. मामांना आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. थेंबांनी जमेल तितकं धरलं, मग सुटलं. पण त्यांच्या डोक्यात नवीन यंत्रं येतच असतात. ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी सरळ लॅपटॉपवर काढते. खाकी कागद नाही, त्यामुळं कुंकू लावायला जागा नाही. सुरुवात करण्याआधी मामा एकच गोष्ट विचारतात.

"भोक काढलंस का?"

मी नवी कोरी फाईल उघडते आणि वर मधोमध, आत्याबाईंच्या बोटाएवढा लाल गोल काढते.

"काढलं, मामा."

"मंग लिव," ते म्हणतात.